शिरीषकुमारचा फोटो आणि खाली बदल्याची भाषा : वर्गातल्या पोराला काय सांगू?

माणिकचौक | ६ सप्टेंबर, रात्री १०.२०

मंडळी, नंदुरबार तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी इतिहास शिकवते. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण ज्याच्याबद्दल लिहितेय तो पोरगा पंधरा वर्षांचा आहे आणि मनानं वाईट नाही.

येत्या ९ तारखेला शिरीषकुमारचा स्मृतिदिन. दरवर्षी आमची प्रभातफेरी निघते, मग मुलांची भाषणं होतात. यंदाच्या भाषणासाठी मी याच पोराला निवडलं होतं. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. आज मधल्या सुट्टीत एका बाईंनी त्याचं स्टेटस दाखवलं. वर शिरीषकुमारचा फोटो, मागे ज्वाळा, आणि खाली ओळ : 'आमच्या रक्ताचा हिशोब बाकी आहे, सुरुवात मोहल्ल्यापासून.' चाळीसेक जणांनी पाहिलेलं. त्यात आमच्याच वर्गातली, त्या मोहल्ल्यात राहणारी तीन मुलं. त्यांतला एक याच्याच बाकावर बसतो. दोघं डबा वाटून खातात, निदान परवापर्यंत खायचे.

मी त्याला बोलावलं. रागावले नाही. विचारलं, "शिरीषकुमारला कोणी मारलं?" म्हणाला, "इंग्रजांनी." "मग यात मोहल्ला कुठून आला?" गप्प. थोड्या वेळानं मान वर करून म्हणाला, "मॅडम, त्यानं जीव दिला तो आपण गप्प बसावं म्हणून का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर प्रश्न चुकीचा नाहीच.

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. ९ ऑगस्ट १९४२ ला 'चले जाव'चे पुढारी पकडले गेले. बरोबर महिन्यानं, ९ सप्टेंबरला, नंदुरबारात मिरवणूक निघाली. पुढे तिरंगा घेऊन शिरीषकुमार मेहता. जन्म २८ डिसेंबर १९२६, म्हणजे सोळा पुरी व्हायला साडेतीन महिने बाकी. घरची बोली गुजराती, म्हणून घोषणाही गुजरातीत : 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं.' पोलिसांनी अडवलं. आमच्याकडे घरोघर सांगतात की बंदूक मिरवणुकीतल्या मुलींवर रोखली गेली तेव्हा हा मध्ये आला नि म्हणाला, मारायचं तर मला मार. माणिक चौकात गोळ्या सुटल्या. शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाच जण गेले.

हे सगळं त्या पोराला तारखांसकट पाठ आहे. तरीही स्टेटस ते. म्हणजे मी वीस वर्षं जे शिकवतेय त्यात काय राहून गेलं? भाषण काढून घेऊ का? घेतलं तर तो ज्यांच्याकडून ते चित्र आलं त्यांच्याकडे कायमचा जाईल, अशी भीती वाटते.

केळीवाला_रावेर | ६ सप्टेंबर, रात्री ११.०५

ताई, भाषण काढून घेऊ नका. एवढं आधी सांगतो, पुढचं कदाचित तुम्हाला पटणार नाही.

अतिरेकाशी गोड बोलून भागत नाही, हा महायुद्धाचा पहिला धडा आहे. १९३८ साली म्युनिकमध्ये इंग्लंड-फ्रान्सच्या पुढाऱ्यांनी चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरच्या हातावर ठेवला. का, तर शांतता टिकेल. वर्ष पुरं व्हायच्या आत युद्ध पेटलं. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मी विसरलेलो नाही. माझा चुलतभाऊ तेव्हा मुंबईत होता, रात्रभर त्याचा फोन लागत नव्हता. आम्ही सगळे ओट्यावर बसून होतो. तेव्हा पोराच्या मनात जो राग आहे तो हवेतून आलेला नाही. त्यानं पत्ता चुकीचा टाकलाय, हे मान्य. पण रागच चुकीचा म्हणाल तर तो तुमचं ऐकणार नाही.

पांझराकाठ | ७ सप्टेंबर, सकाळी ८.१५

केळीवाले भाऊ, पत्ता चुकला हे तुम्ही मान्य केलंत, म्हणजे अर्धं बोलणं झालंच. पण माझ्या मते सगळा घात त्या पत्त्यातच असतो, म्हणून जरा लांबण लावतो.

म्युनिकचा दाखला खरा आहे. पण तो कोणाला लावायचा? आज जो तो समोरच्याला हिटलर म्हणतो. मोहल्ल्यातला पंक्चर काढणारा किंवा अंड्याची गाडी लावणारा माणूस हिटलर नव्हे. त्याच्याकडे ना सैन्य, ना सत्ता. हिटलर वाढला कसा ते आकड्यांत बघा. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला २.६ टक्के मतं. १९३० मध्ये १८.३. जुलै १९३२ मध्ये ३७.३. मधल्या काळात मंदी आली, लाखो बेकार झाले, आणि रिकाम्या हातांच्या पोरांना कोणीतरी सांगितलं की तुमच्या हालांना ती शेजारची गल्ली जबाबदार आहे. म्हणजे २.६ ची ३७ झाली ती लोकांच्या खऱ्या दुःखावर खोटा पत्ता लिहून.

आता आपल्याकडचं बघा. मी धुळ्याचा. जानेवारी २०१३ मध्ये एका हॉटेलातल्या बिलाच्या बाचाबाचीतून दंगल पेटली, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. माझ्या ओळखीच्या घरात पुढची दोन वर्षं संध्याकाळी सातनंतर दार उघडत नव्हते. म्हातारी आतून विचारायची, 'कोन शे?' आणि आवाज ओळखीचा असला तरी पुन्हा विचारायची.

आणि राईनपाडा. साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथंच जीव घेतला. बहुतेक जण सोलापूरकडचे, पोटासाठी इतक्या लांब आलेले. इथं धर्म वेगळा नव्हता, शत्रू देश नव्हता, काहीच नव्हतं. होती फक्त एक अफवा आणि 'आपल्या लेकरांचं रक्षण' हा शब्द. त्या दिवशी मारणाऱ्यांपैकी कित्येकांना मनापासून वाटत असणार की आपण शौर्य करतोय. हे मला आजही झोपू देत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असं केलं. म्हणजे बोटाचा वेग कमी केला. मनाचा कोण करणार?

ताई, तुमच्या पोराचं स्टेटस हे अजून २.६ टक्क्यांच्या टप्प्यावर आहे. आत्ताच बोला. आत्ता बोलण्याची किंमत एक अवघडलेली दुपार आहे.

सातपुडा_एक्स्प्रेस | ७ सप्टेंबर, सकाळी ९.४०

त्याच्या आईबापांना सांगितलं का? आमच्याकडे अशा वेळी आधी मामाला बोलावतात. पोरं बापाचं ऐकत नाहीत, मामाचं ऐकतात.

माणिकचौक | ७ सप्टेंबर, दुपारी १.१०

वडील कापूस व्यापाऱ्याकडे काट्यावर असतात, रात्री येतात. आईला भेटले. ती म्हणाली, "मॅडम, तो मोबाइल घेऊन गच्चीवर जास, माले काय समजस त्यामा?" मामा शहाद्याला असतो. त्याला फोन करते.

निवृत्त_हवालदार | ७ सप्टेंबर, रात्री ८.५०

ताई, राम राम. मी लिहिण्यातला माणूस नाही, पण तुमच्या पोराचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझा आजा पारोळा तालुक्यातला. दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या कंपनीत इटलीला होता. त्या युद्धात हिंदुस्थानचे २५ लाखांवर लोक स्वखुशीनं भरती झाले, ८७ हजार परतले नाहीत. मराठा पलटणीतले यशवंत घाडगे, माणगावकडचे, वय २२. १० जुलै १९४४ ला त्यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले. हा एकटा मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला, मोर्चा घेतला आणि तिथंच पडला. मृतदेह सापडला नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. इटलीतल्या मोंटोने गावानं २०२३ मध्ये त्याचं स्मारक केलं. नामदेव जाधव अहमदनगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. त्यांनी आधी काय केलं ते पोराला सांगा. दोन जखमी साथीदारांना एकेक करून नदीच्या पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मशीनगनकडे गेले ते त्यानंतर. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यांत मोठं पदक.

माझ्या आजाला असलं काही मिळालं नाही. ट्रंकेत एक पितळी तारा होता, इटली स्टार, त्याची फीत उंदरांनी कुरतडलेली. त्याचं काम खेचरावर शिधा नि दारूगोळा लादून रात्री डोंगर चढायचा आणि येताना जखमींना खाली आणायचं. लहानपणी मी विचारलं, "आबा, गोरासनी बी उचला का तुम्ही?" तो चिलीम बाजूला ठेवून म्हणाला, "जखमी मानूस गोरा बी नही नि काया बी नही. तो फक्त जड ऱ्हास." म्हणजे जखमी माणूस गोरा नाही नि काळाही नाही, तो फक्त जड असतो.

आता अवघड गोष्ट. आजा ज्या सरकारची वर्दी घालून हिटलरविरुद्ध लढत होता त्याच सरकारनं शिरीषकुमारवर गोळी घातली. आजाला हे कळलं १९४६ मध्ये घरी आल्यावर. आजी सांगायची, दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी नंदुरबारला जाऊन माणिक चौकात चपला काढून उभा राहिला आणि परत आला. कोणाला काही बोलला नाही. वर्दी जाळली नाही आणि पुन्हा घातलीही नाही. घरात पुढे कोणी कोणत्याही जातीला, धर्माला सरसकट शिवी दिली की तो ताटावरून उठायचा. एवढंच.

मी स्वतः बावीस वर्षं नोकरी केली. फायरिंग रेंजवर काम संपलं की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत कराव्या लागतात. एक कमी भरली तर सगळी कंपनी उन्हात गवतातून शोधत बसते. प्रत्येक गोळीचा जाब. गल्लीत गोळा झालेल्या पोरांच्या हातातल्या दगडाचा जाब कोण देतो? ज्यानं चित्र बनवलं तो तर नावसुद्धा सांगत नाही. सैनिक आणि झुंड यांत मला दिसलेला फरक हा.

केळीवाले भाऊ, २००८ ची रात्र तुम्ही काढलीत म्हणून सांगतो. तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. समोर रायफल. त्यांनी नळी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या, सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. मग भर कोर्टात खटला चालला, २१ नोव्हेंबर २०१२ ला फाशी झाली. ओंबळ्यांनी जीव दिला त्यामुळं जगासमोर पुरावा उभा राहिला. त्या बलिदानाच्या नावानं कोणी निरपराध्याचं दुकान फोडलं तर ओंबळ्यांनी जे मिळवून दिलं तेच आपण फेकून दिलं.

केळीवाला_रावेर | ७ सप्टेंबर, रात्री ९.३०

बाबा, तुमचं पहिलं वाक्य चुकलं, तुम्ही लिहिण्यातलेच आहात. ओंबळ्यांचा मुद्दा मी असा कधी पाहिला नव्हता. मान्य.

तरी एक गोष्ट धरून ठेवतो. पोराला समजावा, पण ज्यानं चित्र बनवलं त्याला समजावून काय होणार? तिथं कायदाच लागतो.

पांझराकाठ | ७ सप्टेंबर, रात्री ९.५५

त्यात आपलं दोघांचं एकमत. दोन समाजांत वैर पेटवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, पूर्वी तो १५३ अ होता. बनवणाऱ्याची, पसरवणाऱ्याची तक्रार करावी, आणि ती कोणत्याही बाजूच्या चित्राची करावी. फक्त 'त्यांच्या'च चित्राची तक्रार करणारा माणूस पोलिसांनाही ओळखू येतो. पोराला मात्र ठाण्याची पायरी दाखवू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला तिथं एकदा नेलं की गल्लीत तो दुसऱ्या दिवशी नायक होतो.

गिरणाकाठी | ७ सप्टेंबर, रात्री ११.४५

मी चोवीस वर्षांचा, जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात काम करतो. तीन वर्षांपूर्वी मी अशाच एका ग्रुपवर होतो, म्हणून आतून कसं असतं ते सांगतो.

पहिले पाच-सहा महिने द्वेषाचा एक शब्द नसतो. रक्तदान, गणपतीची वर्गणी, कोणाच्या आईच्या ऑपरेशनला मदत, गडावर जायचे बेत. रात्रपाळी करून आल्यावर 'भाऊ, जेवला का?' असं विचारणारं तिथंच कोणी असायचं. घरी सगळे झोपलेले. मग हुतात्म्यांचे फोटो. त्यांच्यावर ओळी. डोळ्यांत पाणी यायचं, खोटं नाही सांगत. मग हळूहळू त्या फोटोंखाली 'आपण काय करतोय?' असं येऊ लागतं. ज्यांनी आपल्यासाठी जीव दिला त्यांच्यापुढं आपण कोणीच नाही, ही लाज ते वापरतात. ताई, तुमच्या पोराला हीच लाज वाटत असणार. त्याला कोणाचा द्वेष शिकवण्याआधी स्वतःची लाज शिकवलेली असते.

मी बाहेर कसा पडलो ते सांगतो. माझा मामेभाऊ एरंडोलजवळ हायवेवर ट्रकखाली गेला. दुचाकीवर होता, रात्रीची वेळ. आम्ही सिव्हिलमधून त्याला आणला. बारा दिवसांनी ग्रुपवर त्याचा रस्त्यावर पडलेला फोटो आला. चेहरा पुसट केलेला, पण शर्ट मी ओळखला. तो माझ्याच लग्नासाठी... म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नासाठी आम्ही दोघांनी एकाच थानातून शिवलेला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या भावाला त्यांनी ठेचून मारलं. आज रक्त खवळलं नाही तर कधी खवळणार?' साठ-सत्तर जणांच्या मुठी नि ज्वाळा.

मी लिहिलं, 'हा माझा मामेभाऊ आहे. ट्रकनं गेला. ट्रकवाला बऱ्हाणपूरकडचा, आपल्याच समाजाचा.' दोन मिनिटांत माझा मजकूर उडवला आणि मला काढून टाकलं. ज्यानं 'जेवला का' विचारायचं त्यानंच. फोटो पुढे फिरतच राहिला. मामीपर्यंत पोचला. मामी अजून विचारते, 'खरं काय शे रे?' तिला मी शपथेवर सांगितलंय, तरी विचारते.

पोराला एवढंच विचारा, त्या ग्रुपवर 'हे खोटं आहे' असं लिहिलं तर पुढे काय होतं. त्याला स्वतः करून बघू द्या.

माणिकचौक | ८ सप्टेंबर, सकाळी ६.३०

गिरणाकाठी, तुमच्या मामीचं वाचून रात्री फोन बाजूला ठेवला. तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. शाळेत निघतेय.

बोरी_अमळनेर | ८ सप्टेंबर, सकाळी ११.००

मॅडम, मी अमळनेरचा, वय ७४. प्रताप हायस्कुलात शिकलो, पण साने गुरुजींच्या फार नंतर. गुरुजी तिथं १९२४ ते ३० शिक्षक होते. आमच्या वडिलांच्या पिढीकडून ऐकलेल्या गोष्टींवर आम्ही वाढलो.

दोन गोष्टी सांगतो. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. त्यासाठी गुरुजी गावोगाव पायपीट करत होते. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. केळीच्या बागांच्या त्या मुलखात, बैलगाड्यांनी आलेल्या शेतकऱ्यांसमोर ते स्पेनच्या यादवीबद्दल आणि युरोपात वाढणाऱ्या फॅसिझमबद्दल बोलले. महायुद्धाला अजून पावणेतीन वर्षं होती. म्हणजे हे संकट ओळखायला खान्देशचा शेतकरीही लांबचा मानला गेला नव्हता.

दुसरी. मे १९४७, पंढरपूर. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना उघडावं म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण मांडलं. दहा दिवस चाललं, मंदिर उघडलं. तिथं समोर इंग्रज नव्हता. समोर आपलीच माणसं होती, जी त्यांना शिव्या देत होती. गुरुजी १९४२ साली भूमिगत राहिले, तुरुंग भोगला, त्यासाठी लोक हार घालायला तयार होते. पंढरपुरासाठी तसे हार नव्हते.

शिरीषकुमार परक्यांच्या बंदुकीपुढे उभा राहिला. आज तुमच्या विद्यार्थ्यासमोर परका नाही. त्याला उभं राहायचं आहे ते स्वतःच्या मित्रांपुढे, ग्रुपपुढे. मला ते जास्त कठीण वाटतं. माझ्या आयुष्यात ते मला दोनदाच जमलं आणि अनेकदा जमलं नाही. १९९२-९३ च्या हिवाळ्यात माझ्याच ओट्यावर बसून लोक काय काय बोलायचे आणि मी चहा देत राहायचो. ते चहाचे कप मला अजून आठवतात.

सातपुड्याची_लेक | ८ सप्टेंबर, दुपारी ३.२५

मी मूळची शहाद्याची, गेली नऊ वर्षं म्युनिकला. म्युनिकचं नाव धाग्यात आलं म्हणून लिहितेय, पण १९३८ च्या कराराबद्दल नाही.

इथल्या विद्यापीठासमोरच्या चौकात फरसबंदीत कागद पडलेले दिसतात. कोणाच्या हातून विखुरल्यासारखे. वाकून हात लावला तर ते दगडासारखे घट्ट बसवलेले. मी पहिल्या आठवड्यात खरंच एक उचलायला वाकले होते. ती 'व्हाइट रोझ' गटाची पत्रकं. हान्स शोल आणि त्याची बहीण सोफी, विद्यार्थी. पहिली चार पत्रकं जून-जुलै १९४२ मधली, म्हणजे माणिक चौकातल्या गोळीबाराच्या दोनेक महिने आधीची. १८ फेब्रुवारी १९४३ ला याच इमारतीत सहावं पत्रक वाटताना तिथल्या शिपायानं त्यांना पकडून दिलं. २२ तारखेला खटला, त्याच दिवशी शिरच्छेद. सोफी २१ वर्षांची, हान्स २४ चा, त्यांच्याबरोबर तीन लेकरांचा बाप क्रिस्टोफ प्रोब्स्ट, वय २३.

पण ताई, तुमच्या पोराला सांगायची गोष्ट ही नाही. सांगायची आहे ती त्याच्या आधीची. हेच हान्स आणि सोफी शाळकरी वयात हिटलरच्या युवक संघटनेत मोठ्या हौशीनं गेले होते. बापाला पसंत नव्हतं, घरात भांडणं व्हायची. हान्स तर न्युरेम्बर्गच्या पक्षमेळाव्यात आपल्या तुकडीचा झेंडा घेऊन चालला. त्यालाही हुतात्म्यांची गाणी, ज्वाळा, गणवेश सगळं आवडायचं. मग त्याला एकेक गोष्ट खटकत गेली. म्हणजे पंधराव्या वर्षी चुकीचा झेंडा धरलेला मुलगा तिथंच संपत नाही. तुमच्या पोरासाठी अजून सगळं शिल्लक आहे.

पांझराकाठ दादा किमतीबद्दल म्हणाले त्यात भर. २३ मार्च १९३३ ला हिटलरला सगळे अधिकार देणारा कायदा संसदेत आला. सभागृहात गणवेशातले गुंड उभे. ४४४ हो म्हणाले, ९४ नाही म्हणाले. ते चौऱ्याण्णवही सगळे एकाच पक्षाचे, सोशल डेमोक्रॅट. आणखी थोड्यांनी तेव्हा तोंड उघडलं असतं तर दहा वर्षांनी एकवीस वर्षांच्या पोरीला मान द्यावी लागली नसती, असं इथल्या माझ्या शेजारच्या आजी म्हणतात. त्यांचे वडील त्या काळात गप्प राहिले. हे त्या आपणहून सांगतात, दर वेळी, जणू पहिल्यांदाच सांगतायत.

केळीवाला_रावेर | ८ सप्टेंबर, सायंकाळी ७.१५

बोरी काका, तुमच्या चहाच्या कपांनी मला आज दिवसभर सोडलं नाही. आमच्याही ग्रुपवर काल संध्याकाळी एक व्हिडिओ आला होता. मी पुढे पाठवला नव्हता, पण काही बोललोही नव्हतो. आत्ता लिहिलं, 'हा आपल्याकडचा नाही, गाडीची पाटी बघा, परराज्यातली आहे.' अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. दोघांनी वाचलंय.

माणिकचौक | ९ सप्टेंबर, रात्री ९.४०

मंडळी, सगळं सांगते.

स्टेटस चोवीस तासांत आपोआप गेलं होतं, तेव्हा ते काढायला लावण्याचा प्रश्नच उरला नव्हता. ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोळ्यांतून ते कोण काढणार. काल शाळा सुटल्यावर पोराला थांबवलं. त्याचा मामा शहाद्याहून आला होता, तो बाहेर नळापाशी उभा राहिला, आत आला नाही. मी त्याला हान्स शोलच्या झेंड्याची गोष्ट सांगितली. हवालदार बाबांच्या आजाचं वाक्य जसंच्या तसं अहिराणीत सांगितलं. 'जड ऱ्हास' म्हटल्यावर तो हसला नाही, पायाकडे बघत बसला. मग गिरणाकाठीनं सुचवलेला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मॅडम, लिहून पाहिलं तर काढून टाकतील." म्हणाले, "मग तुला काय वाटतं, ते का काढतील?" उत्तर दिलं नाही.

त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी माझ्यापुरतं असं दिलं : "शिरीषकुमार गप्प बसला नाही, हे बरोबर. पण तो कोणावर धावून गेला, की कोणाच्या पुढे उभा राहिला? आज तू कोणाच्या पुढे उभा राहशील, ते तुझ्या भाषणात सांग. नावं मी देणार नाही." भाषण त्याच्याकडेच ठेवलं.

आज पहाटे पाऊस होता, तरी प्रभातफेरी निघाली. त्यानं भाषण केलं. पाचही नावं न अडखळता घेतली. मुलींचा प्रसंग सांगताना आवाज चांगला लागला. मग कागदाबाहेरचं एक वाक्य बोलायला गेला आणि अडकला. "आपल्या वर्गात पण..." एवढं म्हणून थांबला. बराच वेळ. मग 'भारत माता की जय' म्हणून खाली उतरला. टाळ्या पडल्या, पण मला ते अर्धं राहिलेलं वाक्य ऐकू येत राहिलं.

त्याचा बाकावरचा मित्र फेरीला आला नव्हता. दुसऱ्या तासाला आला. दोघांच्या मध्ये दप्तर ठेवलेलं होतं. मधल्या सुट्टीत मी मुद्दाम खिडकीशी उभी होते. याच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. यानं डबा उघडून दप्तराच्या वर ठेवला, मधोमध. त्यानं घेतलं नाही. यानं पण खाल्लं नाही. घंटा झाली तेव्हा डबा तसाच बंद झाला.

बाक बदलून द्या, असं मात्र दोघांपैकी कोणी अजून माझ्याकडे येऊन म्हणालेलं नाही.